पाडायच्या आधी विचारायचं कुणाला? मुलुंडच्या एका आर्किटेक्ट ऑफिसचा अनुभव (५ पैकी ४ तारे)

आधीच सांगून टाकते. "परवानगी काढून द्या, किती घ्याल ते बोला" एवढंच ज्यांना हवं आहे, त्यांनी या ऑफिसात जाऊ नये. पहिल्या भेटीचा निम्मा वेळ आपल्याला काय करता येणार नाही हे ऐकण्यात जातो. ज्यांना नुसता रंग काढायचाय, लाद्या बदलायच्यात, त्यांनीही जाऊ नये. "याला आमची गरज नाही" असं ते स्वतःच सांगतात, वर सल्ल्याची फी मात्र घेतात. पण इमारत जुनी आहे, एखादी भिंत काढायची आहे, संडास-बाथरूम उकरायचं आहे आणि सोसायटीत रोज त्याच माणसांना तोंड दाखवायचं आहे, अशांनी जरूर जावं. चार तारे देतेय. पाचवा का दिला नाही तेही येईल.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूला. इमारत १९८६ ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आणि आम्ही अर्थातच तिसऱ्यावर. मी पोस्टातून निवृत्त झाले, बहुतेक नोकरी काउंटरवरच गेली. यांचे दोन्ही गुडघे आता जवाब देऊ लागलेत. बाथरूमला सहा इंचाचा उंबरा, संडास भारतीय पद्धतीचा आणि तोही एक पायरी वर. घर नवं करायची हौस वगैरे नव्हती, तो उंबरा आणि ती पायरी काढायची होती. पण फोडाफोडी होणारच आहे तर स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढू, मग लाद्याही एकसारख्या करू, मग एसीचं वायरिंगही, असं ते वाढत गेलं. नेहमी वाढतंच.

सोसायटीत अर्ध्या लोकांचं म्हणणं, "रिडेव्हलपमेंट तोंडावर आलंय, आता कशाला पैसे घालता?" आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंट तोंडावर आल्याला बरीच वर्षं झाली. गुडघ्यांना ते कोण सांगणार.

आधी एक कॉन्ट्रॅक्टर बघून गेला होता. हुशार माणूस, हाताला चपळ, हिशेब तोंडपाठ. भिंतीवर टकटक केली, म्हणाला, "मॅडम, साडेचार इंची आहे, दोन दिवसांत साफ." परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "आपण आतल्या आत करतोय, बाहेरून काही दिसतंय का? आतल्या कामाला लागतच नाही. फारच वाटत असेल तर २० हजार वेगळे द्या, मी बघतो." पावती मिळेल का, असं विचारल्यावर तो हसला. मी आयुष्यभर लोकांना पोच देत आलेले. पावतीचं नाव काढल्यावर हसणाऱ्या माणसाला काम द्यायचं नाही, एवढं माझं ठरलेलं आहे.

म्हणून हे ऑफिस. स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आर्किटेक्ट एक तिशी-पस्तिशीची मुलगी आहे, मला काकू म्हणते. तिच्यासोबत एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बसतात, ते साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. जायच्या आधी मी तिचा आर्किटेक्चर परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितला, तो परिषदेच्या यादीत ताडून पाहिला, इंजिनिअरांचं महापालिकेचं लायसन्सही दाखवायला सांगितलं. दोघांनी तोंड वाकडं न करता दाखवलं. तुम्हीही मागा. १९७२ च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इंटिरिअरवाले सगळे आर्किटेक्ट नसतात आणि महापालिकेच्या कागदावर त्यांच्या सहीला काही किंमत नसते.

तिने पहिला प्रश्न विचारला, "काकू, मंजूर नकाशा आहे का?" माझ्याकडे अ‍ॅग्रीमेंटला जोडलेला होता, पण तो बिल्डरचा. सोसायटीच्या कपाटात जुनी निळी प्रत मिळाली, घडीवर फाटलेली. ती नसती तर इमारत प्रस्ताव विभागाकडून प्रत काढावी लागली असती, किंवा माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा अर्ज. अर्जाचा नमुनाही तिच्याकडे तयार होता. नकाशाशिवाय तिने पेन्सिल उचलली नाही, हे मला आवडलं.

त्या नकाशात आमची बाल्कनी उघडी दाखवली आहे आणि घरात ती बंद आहे, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. ती जरा सावरून विचारायला लागली, तेवढ्यात मी फाइलमधून बाल्कनी बंद करण्याची फी भरल्याची पावती काढून ठेवली. त्या काळी बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या हिशेबात, धरत नसत आणि फी भरून ती बंद करायला परवानगी मिळत असे. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, बाल्कन्या एफएसआयमध्ये मोजायला लागले आणि पैसे भरून जादा एफएसआय घ्यायचं फंजिबल नावाचं नवं प्रकरण आलं. जुन्या इमारतीतल्या बंद बाल्कनीची पावती कुणी जपून ठेवलेली तिने फारशी पाहिली नव्हती म्हणे. इंजिनिअर साहेबांनीही चष्मा लावून ती वाचली. पुढे सगळ्या प्रकरणात त्या चिटोऱ्याने जेवढं काम केलं तेवढं माझ्या सहीनेही केलं नाही. ज्यांनी तेव्हा फी न भरता काचा लावून घेतल्या, त्यांचा अर्ज आत गेला की पहिला प्रश्न बाल्कनीचा येतो, मग भले अर्ज बाथरूमचा असो.

आता परवानगी नक्की कशाला लागते. मी चार जणांकडून चार गोष्टी ऐकून गेले होते. तिने दोन कायदे समोर ठेवले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, याचं कलम ४३ म्हणतं की ज्या दुरुस्तीचा किंवा फेरफाराचा परिणाम फक्त इमारतीच्या आतल्या भागावर होतो, बाहेरचं रूप फारसं बदलत नाही, तिला विकासाची परवानगी लागत नाही. कॉन्ट्रॅक्टर मंडळी ऐकीव माहितीवर याच एका वाक्याला धरून असतात. पण मुंबईत त्याच्या जोडीला महापालिकेचा १८८८ चा अधिनियम आहे. त्याचं कलम ३४२ सांगतं की इमारतीत भर घालायची, तिचा एखादा भाग काढायचा, बदलायचा किंवा पुन्हा उभारायचा तर आयुक्तांना आधी सूचना द्या. सूट आहे ती टेनंटेबल रिपेअर्सना. म्हणजे गिलावा, रंग, लाद्या बदलणं, संडास-बाथरूम-मोरीची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, प्लंबिंग आणि विजेची फिटिंग, छप्पर असेल तर त्याच सामानाचं परत घालणं. आणि यात काय बसत नाही तेही लिहिलेलं आहे: बांधकामाची मापं आडवी-उभी बदलणं, भार घेणारा कुठलाही भाग काढणं किंवा बदलणं, जोतं, पाया किंवा जमीन खाली घेणं, पोटमाळा नव्याने घालणं किंवा वाढवणं.

"जमीन खाली घेणं" हे ऐकलं आणि मी यांच्याकडे बघितलं. आम्ही आलो होतो तेच मुळी बाथरूमची जमीन खाली घ्यायला!

इथून पुढचं काम इंजिनिअर साहेबांचं. ते घरी आले, बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले, खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या बाथरूमचं छत जाऊन बघून आले आणि मग कागदावर छेद, म्हणजे जमीन उभी कापली तर आत काय दिसेल त्याचं चित्र, काढून दाखवला. मला पन्नास वेळा कुणी सांगितलं असतं तरी कळलं नसतं ते त्या छेदात कळलं. जुन्या इमारतीत संडास-बाथरूमच्या जागी स्लॅब खाली घेतलेला असतो, सन्क स्लॅब. आमच्याकडे तो घराच्या जमिनीपासून सव्वा फूट खाली आहे. त्या खड्ड्यात पाइप टाकायचे, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरायचा आणि त्यावर लादी. भारतीय संडासाचं भांडं खोल असतं, म्हणून भराव वर येत गेला आणि पायरी झाली. पुढे गळती थांबवायला कुणीतरी जुना कोबा न काढता त्यावरच दुसरा थर घातला, म्हणून बाथरूमला उंबरा आला. म्हणजे आम्हाला खाली घ्यायचा होता तो भराव, स्लॅब नव्हे. स्लॅबला हात लावायचाच नाही. कमोड बसवला की एवढ्या भरावाची गरजही राहत नाही.

आणि मग त्यांनी वजनाचा हिशेब मांडला. फूटभर जाडीचा कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण अर्धा टन. राहत्या घराच्या खोलीत माणसं आणि सामान मिळून जो भार धरतात तो चौरस मीटरला २०० किलो. म्हणजे आमचं बाथरूम इतकी वर्षं नुसत्या भरावाचंच केवढं वजन अंगावर घेऊन बसलं होतं. त्यांनी जुना कोबा पूर्ण काढायला लावला आणि नवा भराव सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, तुकड्यांचा सुचवला, तो विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने भरतो. हॉलमधल्या लादीवर लादी बसवण्याचा बेतही त्यांनी याच हिशेबाने मोडला. कॉन्ट्रॅक्टरने ते "फोडाफोडी वाचेल" म्हणून सुचवलं होतं. दोन इंचाचा मसाला म्हटला तरी मीटरला १०० किलो नवे, तेही घरभर, आणि चाळिशीला आलेल्या इमारतीत. जुनी लादी उचला, मगच नवी घाला. खर्च वाढला, पण कारण पटलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी साफ नाकारली. बाथरूम बेडरूमच्या बाजूला दीड फूट वाढवायचं माझ्या मनात होतं, पुढेमागे व्हीलचेअर आलीच तर फिरायला जागा हवी म्हणून. आमच्या बेडरूमखाली वहिनींची बेडरूम. ओली जागा दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीवर आणायची नाही, तिथे सन्क स्लॅबही नाही, आणि मंजूर नकाशा तर बदलतोच. मी जरा वाद घातला. त्यांनी वादात न पडता दुसरी वाट काढली: संडास आणि बाथरूममधली आडभिंत काढून दोन्ही एक करायचं, दार बाहेर उघडणारं करायचं. दोन्ही जागा मुळात ओल्याच होत्या, त्यामुळे खालच्यांचं काही बिघडत नाही. आडभिंत काढायची म्हणून हे महापालिकेला द्यायच्या सूचनेत घालावं लागलं, पण अडलं नाही. आज तिथे पकडायला दांडा आहे, खुर्ची आत जाते, आणि उंबऱ्याच्या जागी पाणी अडवायला बोटभर उतार आहे.

आता स्वयंपाकघराची भिंत. साडेचार इंची होती हे कॉन्ट्रॅक्टरचं बरोबरच निघालं. पण साहेबांनी टोकाला हातभर गिलावा उतरवायला लावला, आणि आत कॉलम निघाला. नऊ इंची कॉलम, त्याचा एक भाग भिंतीत दडलेला आणि उरलेला आम्ही आजवर "भिंतीचा जाड कोपरा" समजत होतो. त्यात एका ठिकाणी सळई गंजून काँक्रीटला उभी चीर गेली होती. कॉन्ट्रॅक्टरचा बेत काय होता? भिंत पाडल्यावर तो कोपरा तासून सरळ करायचा, म्हणजे ओपन किचन "एकदम क्लीन" दिसेल. आणि स्विचबोर्डसाठी त्याच कोपऱ्यात झिरी, म्हणजे वायरसाठी खाच, मारायची. काँक्रीटमध्ये सळईच्या वर कॉलमला ४० मिलिमीटरचं आवरण धरतात, आणि झिरी मारायला नेमकं तेच लागतं. एकदा सळई उघडी पडली की गंज चढतो, गंज फुगतो, फुगून काँक्रीट फोडतो.

साहेबांनी काही भाषण दिलं नाही. "कॉलमला छिन्नी लागणार नाही, हे मी सही करताना लिहिणार आहे," एवढंच म्हणाले. भाषणाची गरजही नव्हती. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि तिथल्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. मुलुंडहून घाटकोपर पाच स्टेशनं. त्या दिवशी आमच्या पोस्टात सगळ्यांचे फोन वाजत होते.

शेवटी ठरलं ते असं: मधली भिंत काढायची, कॉलम आणि वरचा बीम जसाच्या तसा, दुखावलेला भाग गंज घासून, लेप देऊन, पॉलिमर मसाल्याने भरून घ्यायचा, आणि कॉलमभोवती लाकडी फळ्यांचं मसाल्याचं शेल्फ. दिसायला क्लीन नाही. माझ्या मिसळणाच्या डब्यासकट सगळं तिथे बसतं.

गॅसची पाइपलाइन त्या भिंतीवरून गेलेली होती, तीही आर्किटेक्ट मुलीच्याच लक्षात आली. प्लंबरने हलवायची नाही, महानगर गॅसकडे अर्ज करून त्यांच्याच माणसांकडून हलवून घ्यायची. एसी आणि गीझरसाठी विजेचा मंजूर भार वाढवून घेतला. आमच्या भागात वीज महावितरणची, बाकी मुंबईसारखी अदानी-बेस्टची नाही, तेव्हा अर्ज त्यांच्याकडे. हे दोन्ही अर्ज आम्हीच केले. ऑफिसने यादी दिली, एवढंच.

सोसायटीचं प्रकरण मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचं श्रेय तिच्या पत्राला. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत फेरफार करायचा तर समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. आमच्या सेक्रेटरींनी आधी "नुसतं तोंडी सांगा, आपल्यातच आहे" म्हटलं. तिने मला बजावलं की तोंडी काही नको. पत्रात कामाची यादी, नकाशा, इंजिनिअरचं पत्र, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे आणि कधी उचलणार, सगळं होतं. मी दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का-सही-तारीख घेतली. ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

समितीत एकाने स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय काढला. खोचून काढला होता, पण प्रश्न रास्त होता. उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी सांगितलं आहे. महापालिकेच्या अधिनियमातही कलम ३५३-ब आहे, ३० वर्षं उलटलेल्या इमारतीला नोंदणीकृत इंजिनिअरचा स्थैर्याचा दाखला लागतो. आमच्या सोसायटीचा शेवटचा अहवाल होता, त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलमना "किरकोळ दुरुस्ती" लिहिलेलं. साहेबांनी तो मागवून वाचला आणि आमच्या कॉलमची दुरुस्ती त्याच अहवालाच्या भाषेत सूचनेत घातली. त्यामुळे जो मुद्दा अडवायला काढला होता तोच आमच्या बाजूने गेला. ऑडिट न झालेल्या सोसायटीत हे काम कसं गेलं असतं, विचार करा.

समितीने अनामत रक्कम आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र मागितलं. स्टॅम्पपेपर आता ५०० चा लागतो, ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही. अनामत किती, परत कधी, हे ठरावात लिहून घ्या. आमच्याकडे घेतलं.

महापालिकेची सूचना वॉर्डाच्या इमारत व कारखाने विभागात गेली. इमारत प्रस्ताव विभाग वेगळा, हा वेगळा. नवी इमारत उभी करायची ते तिकडे, उभ्या इमारतीत दुरुस्ती आणि बेकायदा कामाच्या तक्रारी इकडे. वेळ लागला. तो लागेल हे तिने आधीच सांगितलं होतं आणि कॉन्ट्रॅक्टरला तारीख देऊ देत नव्हती. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची पोच माझ्या नावाने, भरलेल्या पैशाची पावती माझ्या नावाने. मी स्पष्टच विचारलं होतं, वरचा काही खर्च? ती म्हणाली, "काकू, पावती नसलेला खर्च आमच्या बिलात नसतो." आणि शेवटच्या बिलापर्यंत तसंच राहिलं. साधं पत्र टाकणं आणि रजिस्टर करणं यात जो फरक असायचा तोच तो कॉन्ट्रॅक्टर आणि हे ऑफिस यांच्यात आहे. पत्र कदाचित दोन्हीकडून पोचतं. पण पोचलं नाही तर तुमच्या हातात काय, हा प्रश्न असतो. काम चालू असताना कुणी तक्रार केली आणि कलम ३५४-अ ची काम थांबवण्याची नोटीस आली, तर नाव घरमालकाचं येतं, कॉन्ट्रॅक्टरचं नाही.

तक्रार झालीही. कुणी केली ते मला माहीत आहे, ते असो. बघायला माणूस आला, मी फाइल पुढे केली, तो भिंत बघून, कॉलम बघून गेला. चहाही घेतला नाही.

आता तक्रारी माझ्या.

पहिली, फोन. सकाळी अकराच्या आधी उचलत नाहीत, नंतरही "व्हॉट्सअ‍ॅप करा ना काकू." यांच्यासारख्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर बीमची जागा कशी समजावायची?

दुसरी, नकाशाच्या पहिल्या प्रतीवर शेजारच्यांच्या सदनिकेचा क्रमांक पडला होता. मी ओळ न ओळ वाचते म्हणून दाखल करण्याआधी सापडला. तिने तासाभरात बदलून दिलं, माफीही मागितली. पण जो वाचत नाही त्याचं काय? महापालिकेत चुकीच्या घराच्या नावाने भिंत पाडली गेली असती.

तिसरी, पैशाची, आणि तारा याच कारणाने गेला. सल्ल्याचे २,५०० पहिल्याच भेटीत, ते पुढे बिलात वळते झाले, ते ठीक. पूर्ण कामाचं अंदाजपत्रक ४५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३,१००. महापालिकेची फी वेगळी, जशी पावती तशी. हे सगळं लेखी. पण कॉलम निघाल्यावर साहेब पुन्हा आले, त्या भेटीचे ४,००० बिलात आले, आणि अंदाजपत्रकात "इंजिनिअरची भेट" एवढंच लिहिलेलं, किती भेटी ते नाही. मी हरकत घेतली, निम्मे कमी झाले. साहेबांच्या वेळेला ४,००० जास्त नाहीत, त्या भेटीनेच आमचा कॉलम वाचला. पण आकडा आधी सांगायचा असतो. काउंटरवर पाकीट चिकटवून झाल्यावर जादा तिकीट मागितलं तर लोक आम्हाला सोडत नसत.

चौथी तक्रार म्हणता येणार नाही, पण कळू द्या: ते काम करवून घेत नाहीत. देखरेख म्हणजे ठरल्या टप्प्यांना एक-एक भेट. रोजचा कॉन्ट्रॅक्टर तुमचा तुम्ही सांभाळायचा. आम्ही दुसरा घेतला, बरा निघाला, तरी एका दुपारी त्याच्या पोराने कॉलमच्या अंगाला झिरीचं मशीन लावलंच होतं. मी तिथेच खुर्ची टाकून बसले होते म्हणून थांबलं. तेव्हा माणूस घरात हवा, नोकरीवाल्या जोडप्यांनी हे लक्षात घ्यावं.

बाथरूम झाल्यावर पाणी भरून ठेवण्याची चाचणी त्यांच्या आग्रहाने झाली. निचऱ्याची तोंडं बंद करून तीन दिवस पाणी तुंबवायचं, रोज खाली वहिनींकडे जाऊन छत बघायचं. वहिनींना तिने स्वतः फोन करून सांगितलं, फोटो त्यांच्याच मोबाइलवरून काढायला लावले आणि कोरडं छत दिसणारा कागद त्यांच्या सहीने फाइलला लावला. पुढे कधी ओल आली तर निदान सुरुवात कुठून करायची ते दोघींना माहीत असेल. या ऑफिसचं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच. खरं तर ते परवानगीत कुठेच येत नाही.

राडारोड्याबद्दल एक. महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, पैसे भरून गाडी बोलावता येते. कॉन्ट्रॅक्टर टेम्पोवाल्याला पकडतो आणि तो खाडीकडे, मिठागरांच्या बाजूला कुठेतरी ओतून येतो. आमच्या कॉन्ट्रॅक्टरला हे पत्रातच लिहून दिलं होतं, त्यामुळे त्याने कुरकुर केली, पण गोण्या बरोबर गेल्या.

काम संपल्यावर साहेबांचं पूर्ण झाल्याचं पत्र दाखल झालं, त्याची प्रत सोसायटीलाही दिली, अनामत परत आली. त्या फाइलची जाडी पाहून सेक्रेटरींनी आता इतरांनाही "काकूंसारखं लिहून आणा" सांगायला सुरुवात केली आहे. त्यामुळे माझ्यावर दोन घरं नाराज आहेत.

जाणार असाल तर सोबत न्या: अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीकडचा मंजूर नकाशा, शेवटचा ऑडिट अहवाल, मालमत्ता कराचं बिल, आणि घरात आजवर झालेल्या कुठल्याही फेरफाराची पावती, कितीही जुनी असो. अंदाजपत्रकात भेटींची संख्या लिहून घ्या. जिना अंधारा आहे, वरच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी त्यांनाच घरी बोलवावं, त्याची फी तीच आहे. शनिवारी दुपारनंतर ऑफिस बंद असतं, दारावरच्या पाटीवर मात्र सात वाजेपर्यंत उघडं असं लिहिलेलं आहे.